डाव्या सीटवरचा वास

सर्जेराव खोतांनी पहिला संशय घेतला तो सुकटीवर. बिचारी सुकट, तिची बाजू घेणार कोण? कणकवलीला दिलेली लेक दर खेपेला सुकट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवी आणि त्या पिशवीवर आणखी एक पिशवी अशी बांधून द्यायची, आणि ती डिकीत बसून घाट चढून कोल्हापूरला यायची. गाडीत वास येतो म्हटल्यावर तिला हद्दपार केलं. वास राहिला.

मग डांबरगोळ्या. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून बॉनेटखाली बांधलेली पुरचुंडी सर्जेरावांनी सोडली. मग सीटांवरची प्लॅस्टिकची कव्हरं. गाडी घेऊन दोन उन्हाळे उलटले तरी ती काढली नव्हती, कारण कव्हर निघालं की गाडी जुनी झाली, असा आपल्याकडचा हिशेब. तीही जड मनानं निघाली. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून डॅशबोर्डवर कापूर ठेवला, तर आत बसल्यावर देवळात कुणी टायर जाळल्यासारखं वाटू लागलं.

कारण वास रबराचा होता. कच्च्या, तापलेल्या रबराचा. गाडी उन्हात उभी राहिली की दार उघडताना तो अंगावर येई, आणि सर्जेरावांना एसटीच्या आगारातली टायरांची शेड आठवे. त्यांची सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली होती, तीही गगनबावड्याच्या घाटात. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शोकेसमध्ये मधोमध होता आणि पाहुणा आला की त्याची नजर तिकडं वळेपर्यंत चहा मिळत नसे. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत वास यावा, ही नाक कापणारी गोष्ट होती.

"मला तर बरा वाटतो," शालन म्हणाली. "तुमच्या खाकी शर्टाला यायचा तसाच हाय."

शालन त्यांची बायको. नोकरीच्या सगळ्या वर्षांत सर्जेरावांनी तिला आपल्या गाडीत एकदाही बसू दिलं नव्हतं. गाडीत घरचं माणूस असलं की डोळा रस्त्यावर राहत नाही, असा त्यांचा नेम होता. माहेरी जायचं तरी ती दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीनं जायची. त्याची भरपाई म्हणा किंवा सवय म्हणा, रोज संध्याकाळी घरी आले की सर्जेराव स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसत आणि दिवसभराचा घाट तिला उतरून दाखवत. हातात नसलेलं स्टेअरिंग धरायचं, पायाखाली नसलेले क्लच-ब्रेक दाबायचे. "हे आलं खुळ्या आंब्याचं वळण. क्लच. दुसरा गिअर. आता हळूहळू सोड." शालन भाकरी थापत ऐकायची. तिच्याकडून हुंकारापलीकडं काही येत नसे, आणि सर्जेरावांना हुंकार पुरत असे.

आता निवृत्तीनंतर ही छोटी विजेची गाडी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या शेजारी, डाव्या सीटवर बसत होती. पंधरवड्यातून एकदा कणकवली. घाटात धुकं असलं की दोघंही बोलत नसत, गाडी कापसातून चालल्यासारखी चाले, आणि सर्जेरावांना वाटे, नोकरी केली ती याच्यासाठीच. गाडीला आपली आपण चालायची सोय होती. 'सारथी' असं लिहिलेलं निळं बटण दाबलं की झालं. पण सर्जेरावांनी त्या बटणावर दत्ताचं चित्र चिकटवून टाकलं होतं.

शेवटी उपाय थकले तेव्हा ते उद्यमनगरात निलोफर अत्तारच्या कार्यशाळेत गेले. आताशा शहरोशहरी अशी दुकानं निघाली होती. पाटी होती, 'वाहनातील वास शोधून काढले जातील'. निलोफरनं रसायनशास्त्र शिकून हा धंदा उघडला होता.

"आडनाव अत्तार आणि काम हे?" सर्जेराव म्हणाले.

"आजोबांनी वास विकले, मी वास काढते. घराण्याचं फिरून घराण्यातच आलं की, मामा."

तिनं गाडी काचा लावून उन्हात ठेवली. घटकाभरानं दार उघडून आधी स्वतःचं नाक आत घातलं, मग पायपुसणी काढून खालची ओल पाहिली, एसीची जाळी काढली, पाणी जायची नळी फुंकून बघितली. सीटचा फोम, दाराचं रबर, गालिच्याचा डिंक, सगळ्याचे चिमूटभर तुकडे काचेच्या बरण्यांत घालून झाकणं लावली, बरण्या कोमट केल्या आणि एकेक उघडून हुंगली. एकीलाही तो वास नव्हता. तेव्हा तिनं आपलं यंत्र आणलं. मोबाइलएवढा डबा आणि त्याला बोटभर नळी, तिला ती सोंड म्हणायची. ती सोंड गाडीभर फिरली आणि छताला लागताच डबा किणकिणू लागला. नेमकं सांगायचं तर डाव्या सीटच्या वर. ड्रायव्हरच्या डोक्यावर किणकिण बारीक होती, डावीकडं जोरात.

"टिपकागद," निलोफर म्हणाली.

नव्या गाड्यांच्या छताला आतून जे अस्तर असतं, त्याला लोकांनी हे नाव ठेवलं होतं. पूर्वी नव्या गाडीत बसलं की प्लॅस्टिकच्या आणि डिंकाच्या वाफांनी डोकं धरायचं. त्यावर तोड म्हणून कुणीतरी एक जाळीदार स्फटिक शोधला. त्याची भोकं इतकी बारीक, की हवेतला वासाचा एकेक कण त्यात जाऊन अडकावा. अस्तरात तो पेरला आणि गाड्या निर्गंध झाल्या. पण टिपकागद शाई टिपताना ती कुणाच्या दौतीतली असं विचारत नाही. तो गाडीचे कण टिपतो, तसे माणसाचेही टिपतो.

"आपण श्वास सोडतो त्यात आयसोप्रीन नावाचा वायू असतो," निलोफरनं सांगितलं. "अगदी थोडा, एरवी नाकाला कळतही नाही. तो स्नायूंत साठतो. स्नायू ताणले, पाय आवळले, श्वास धरून सोडला, की एकदम जास्त बाहेर पडतो. आणि मामा, रबराचं झाड जे रबर करतं ना, ते याच कणांची माळ असते. तुमच्या अस्तरात कण अडकले, उन्हानं छत तापलं, स्फटिकातल्या धातूनं त्यांच्या छोट्या छोट्या माळा ओवल्या. म्हणून हा वास. गाडीत रबर जळत नाही, गाडीत रबर बनतंय."

"माणसाच्या श्वासाचं?"

"डाव्या सीटवरच्या."

तिनं गाडीच्या पडद्यावर कंपनीची नोंद उघडली. अस्तराला एक प्रणाली जोडलेली होती; असा वायू वाढला की तिनं त्याला नाव द्यायचं, आणि प्रणाली लिहिणाऱ्यांनी एकच नाव दिलं होतं. पडद्यावर डाव्या सीटपुढं खेपेगणिक तोच शब्द होता, 'भीती'. घाट आला की भीती. वळण आलं की भीती.

सर्जेरावांनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. बिल्ला, नेम, इतकी वर्षं, आणि बायको शेजारी बसून प्रत्येक वळणाला जीव मुठीत धरत होती. एका शब्दानं बोलली नव्हती. आणि आपण धुक्यात सुखानं गाडी हाकत होतो. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली चांगलंच दुखलं.

"नवं अस्तर मागवते, यायला वेळ लागेल," निलोफर म्हणाली. "पण कारण तसंच राहिलं तर नव्यालाही हाच वास लागणार."

"कारणाचं मी बघतो. तिला यातलं काही बोलू नकोस."

पुढच्या खेपेला सर्जेरावांनी दत्ताचं चित्र नखानं खरवडून काढलं, कपाळाला लावलं आणि बटण दाबलं.

"आज हात बांधून का बसलाय?" शालननं विचारलं.

"गुडघा धरलाय."

गाडी आपली आपण निघाली. कळंब्याच्या तळ्याकडून येणारा वारा, उसाची शेतं, गुऱ्हाळांचा धूर, सगळं खिडकीतून जात राहिलं. सर्जेरावांचे हात मांडीवर होते, घरच्या कार्यात पाहुण्यासारखे. घाट आला. गाडीनं खुळ्या आंब्याचं वळण इतकं बिनचूक घेतलं, की त्यांना तिचा राग आला. शालन खिडकीबाहेर बघत होती. तिचे पाय चपलांत नीट जोडलेले होते.

धुकं दाटलं आणि सर्जेरावांना डुलकी लागली. त्यांना स्वप्न पडलं, की ते एसटी चालवताहेत आणि पायाखाली क्लच नाही. पाय खाली, आणखी खाली जातोय, आणि थांब्यावर शालन हात करून उभी आहे. त्यांना गाडी थांबवता येईना. गाडी तिच्या समोरून वाहत्या पाण्यासारखी निघून गेली. जाग आली तेव्हा घाट संपला होता.

वास मात्र कमी झाला. आणखी एका खेपेत आणखी कमी. शालनच्या डाव्या पोटरीत गोळे यायचे, तेही थांबले. ही गाडी आल्यापासून दुपारी झोपली की तिचा डावा पाय झोपेत ताणायचा, आखडायचा, आणि सर्जेराव उठून त्याला तेल चोळायचे. आता पाय गप्प पडून असे. म्हणजे भीतीनंच आखडत होता, त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. पुराव्याला आणखी काय पाहिजे?

फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. भीती गेल्यावर माणूस खुलायला हवं. शालन मावळत चालली होती. लेकीकडं जाऊन आली तरी काल काय जेवलो हेसुद्धा सांगत नव्हती. एकदा चहा पिता पिता सर्जेराव म्हणाले, "गाडी विकून टाकू या. एसटीनं जाऊ दोघं." तिनं कपाकडं बघत मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते त्यांना कळलं नाही. तिचे डोळे भरले होते हे कळलं, आणि त्याचाही त्यांनी उलटाच अर्थ लावला. सुटकेनं भरले असतील, असं त्यांना वाटलं.

नवं अस्तर आलं. निलोफरचा फोन आला, की जुनं काढण्याआधी एकदा हातानं गाडी चालवावी लागेल. कंपनी श्वासागणिक नोंद मागते, त्याशिवाय बदलून देत नाही.

"घाटात?" सर्जेरावांनी विचारलं.

"घाटातच. आणि मामींना घेऊन."

शेवटची खेप म्हणून ते तयार झाले. निलोफरनं दोन्ही सीटांवर छताला एकेक पट्टी चिकटवली आणि आपला पडदा घेऊन मागं बसली. शालनला एवढंच सांगितलं की वासाची तपासणी आहे. सर्जेरावांनी स्टेअरिंगला हात लावला तेव्हा शेजारी काहीतरी हललं. शालन सावरून बसली होती. तिनं चपला काढून बाजूला सारल्या होत्या.

गगनबावड्याला ढग रस्त्यावर उतरले होते. पुढं दहा पावलांवरचा दगडही आधी सावली व्हायचा आणि मग दगड. सर्जेरावांनी इतक्या जपून गाडी कधीच चालवली नव्हती. काचेचं सामान भरल्यासारखी ते ती वळणांतून उतरवत होते. तिला या एका दिवशी तरी भीती वाटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"मामा," निलोफर मागून म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक झाला होता. "पडद्यावर दोन रेघा दिसताहेत. एक तुमच्या श्वासाची, एक मामींची. दोन्ही एकावर एक पडताहेत. तुमची चढली की त्यांची चढते, तुमची उतरली की त्यांची उतरते."

"म्हणजे?"

"भ्यालेल्या माणसाचं असं नसतं. भीती गाडी वळल्यावर चढते आणि उतरायला वेळ घेते. आणि आता गंमत बघा, या खेपेला मामींची रेघ तुमच्या जरा आधीच चढली. वळण अजून दिसत नाही धुक्यात."

दिसत नव्हतं, पण सर्जेरावांना माहीत होतं. खुळ्या आंब्याचं वळण. ते हळू झाले आणि झटकन त्यांची नजर खाली गेली. एसटीत असताना त्यांनी कधी असा डोळा रस्त्यावरून काढला नसता.

शालनचा डावा पाय पायपुसणीवर टाच रोवून होता. पंजा खाली गेला, क्षणभर थांबला आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर आला. डावा हात मांडीवर होता, पाय खाली असतानाच त्यानं पदराच्या काठाला मागं ओढलं होतं. दुसरा गिअर.

या गाडीला गिअर नव्हता आणि क्लचही नव्हता.

सर्जेरावांनी वळणापलीकडच्या रुंद जागेत गाडी घेतली आणि थांबवली. काचेवरून ढग सरकत होते.

"शालन, तू भितीस की न्हाई?"

"कशाला?"

"माझ्या गाडी चालवण्याला."

"इश्श! तुम्हांला मी भिऊ?" ती खरोखरच चकित झाली होती. "कुणी सांगितलं?"

"यंत्रानं."

निलोफरनं मागं पडद्यावर हात ठेवला, जणू त्या यंत्राची तिलाच शरम वाटत होती.

"भ्यालेलं माणूस ब्रेक दाबतं," सर्जेराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "उजवा पाय. शेजारी बसलेले कैक बघितलेत मी, कंडक्टरपास्नं साहेबापर्यंत. पण क्लच कुणी भिऊन दाबत न्हाई. डावा पाय हलतो तो फक्त डायव्हरचा."

शालननं पाय चटकन साडीखाली ओढून घेतला. चोरी पकडली गेल्यासारखी ती लाल झाली, आणि मग तिला बोलल्याशिवाय राहवेना.

"रोज खुर्चीवर बसून घाट कोण उतरायचं? माझा एक कान भाकरीकडं आणि एक तुमच्याकडं. ऐकून ऐकून पायाला पाठ झाला. मी कधी एसटीत पुढं बसले न्हाई, पर मला सगळी वळणं ठावं हायती. स्वप्नात तर रोज चालवते. लाल गाडी असते, धुकं असतं. तुम्ही मागच्या सीटवर बसलेले असता आणि तिकीट काढून झोपलेले असता." ती हसली. "ही गाडी आली तवापास्नं जागेपणीबी चालवाय लागले. तुमच्या बरोबरीनं. मग तुम्ही ते बटण दाबलं, आणि माझा घाट गेला."

"मग बोलली का न्हाईस?"

"हसला असता."

सर्जेरावांना ते पटलं. हसलेच असते. चौकात चार जणांना सांगून हसले असते. आपण रोज स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसत होतो तेव्हा समोर एक शिष्य तयार होत होता आणि आपण फक्त हुंकार मोजत होतो, हे त्यांना आता कळत होतं.

"खाली उतर," ते म्हणाले.

"इथं?"

"खाली सपाटी लागली की. तिथं तू इकडं ये, मी तिकडं बसतो. सारथीला जागं ठेवू, चुकलीस तर ते सावरंल. चुकायची न्हाईस म्हणा. माझ्या हाताखाली तयार झालीयास."

वैभववाडीच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना भातखाचरं असलेल्या सरळ रस्त्यावर, शालन खोत आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी स्टेअरिंगवर बसली. गाडी निघायच्या आधी तिचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत राहिला. नाही म्हटल्यावर थोडा हिरमुसला. मग गाडी हलली. ढगांतून ऊन पडलं होतं, रस्ता ओला आणि उजळ होता, आणि तिला हे स्वप्न नाही याची खात्री करण्यासाठी मध्येच हॉर्न वाजवावा लागला. निलोफरनं मागं पडदा बंद करून ठेवला. नोंदायचं ते नोंदून झालं होतं.

नवं अस्तर बसलं. शालननं शिकाऊ परवाना काढला, मग पक्का. दसऱ्याच्या पुढं सगळा घाट तिच्या हाती आला, चढता आणि उतरताही. खुळ्या आंब्याचं वळण ती सर्जेरावांपेक्षा किंचित जोरात घेते, असं सर्जेरावांचं मत होतं. पण ते त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. शोकेसमधल्या बिल्ल्याशेजारी तिनं आपला परवाना ठेवला, तेव्हा त्यांनी बिल्ला थोडा बाजूला सरकवून दिला. आता पाहुण्याला चहा मिळायला दुप्पट वेळ लागतो.

उन्हाळ्यात निलोफर गाडी बघायला आली. अंगणात गाडी उन्हात उभी होती. तिनं दार उघडलं आणि थबकली. मग तिनं सोंड छताला लावली, उजवीकडून डावीकडं नेली. डाव्या सीटवर डबा किणकिणू लागला.

शालन आत सरबत करत होती. तिचं गुणगुणणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. निलोफरनं सर्जेरावांकडं पाहिलं. सर्जेराव पारिजातकाकडं बघत होते.

"मामा," तिनं आवाज खाली घेत विचारलं, "कुठला पाय?"

सर्जेरावांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं नजर टाकली.

"उजवा," ते हळूच म्हणाले. "पर तिला सांगू नकोस. आणि अस्तर हाय तसंच राहू दे."